खुर्ची बर्फावर, मी बांधावर

नोव्हेंबर लागला की आमच्या गावाबाहेरच्या कुरणात पाणी सोडतात. चुकून नव्हे, मुद्दाम. गायी गोठ्यात गेल्या की कुरण मोकळं होतं. त्याच्या चारी बाजूंनी गुडघ्याएवढा बांध आहेच. पंप लावून आत पाणी भरायचं आणि मग अख्ख्या गावानं वाट बघत बसायचं. कशाची, तर ते पाणी गोठायची.

'आमच्या गावाबाहेर' असं सवयीनं लिहून गेले खरी, पण हे गाव हॉलंडातलं, जर्मनीच्या हद्दीकडचं. माझं गाव जालना जिल्ह्यातलं, वाटूर फाट्यावरून आत. तिकडं शेतात पाणी साचलं तर माणसं डोक्याला हात लावतात. इकडं मुद्दाम साचवतात, आणि थंडी पडायच्या ऐवजी त्यात बदकं पोहायला लागली की मग डोक्याला हात लावतात.

यंदाही पंप सुरू झाला. त्याची घरघर स्वयंपाकघरापर्यंत आली आणि हातातलं लाटणं तसंच थांबलं. मला राग आला. कोणाचा ते नीट सांगता येईना. पंपाचा येऊन काय उपयोग? बदकांनीही माझं काही वाकडं केलेलं नाही. राग गेल्या हिवाळ्याचा होता. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

माझी शाळा नववीतच सुटली. पुढच्या शाळेला वाटूरला जायचं तर जीपच्या मागं लटकत जावं लागायचं, आणि माय म्हणाली, बस झालं शिक्षण. लग्न झालं ते मशीनवरच्या माणसाशी. यांची कंपनी बियाणं साफ करायची यंत्रं बनवते. जालन्यात काम करता करता कंपनीनं यांना इकडं बोलावलं, आणि यांच्या मागं मी, माझ्या मागं लहानगी लेक आरोही. पहिला हिवाळा मी पडदे लावून काढला. दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं. अजूनही होतं. सारखं वाटतं, कोणीतरी येईल आणि म्हणेल, बाई, तुमचं काहीतरी चुकलंय, तुम्ही इथं कशा?

दार वाजवलं ते शेजारच्या रियानं. सत्तरी ओलांडलेली, उंच, पांढरे आखूड केस, जन्म याच गल्लीतला. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. आरोहीचे पप्पा मधे उभे राहून सांगत होते.

"ही बाहेर का येत नाही? आजारी आहे का?"

"थंडी आहे," मी म्हटलं.

"मग?"

  इथल्या माणसांच्या सगळ्या हिवाळ्याचं सार त्या एका 'मग?'मध्ये आहे. अंधार आहे. मग? पाऊस तिरपा येतोय. मग? वाऱ्यानं सायकल उलटी जातेय. मग? तिनं मला तिचा जुना कोट घातला, वरपर्यंत चेन ओढली, टोपी डोळ्यांवर आली ती मागं सारली आणि हाताला धरून बाहेर नेलं. कालव्याच्या कडेनं चालवत चालवत पार पुढच्या गावापर्यंत. वारा समोरून. नाक वाहतंय, डोळे वाहताहेत, कान जागेवर आहेत का ते कळेना. मधेच थांबून ती डोळे मिटून वाऱ्याकडं तोंड करून उभी राहिली, देवळात उभी राहावी तशी. मग माझ्याकडं वळून हसली. इथल्या लोकांत वारं खायला जायची रीत आहे. मुद्दाम, सुटीच्या दिवशी, घरात बरी भट्टी पेटलेली असताना.

मला हिवाळा आवडत नाही असं नाही. उलटच आहे, आणि वैताग तोच आहे. मी हिवाळ्यातच जगणाऱ्या मुलखातली. आमच्याकडं उन्हाळ्यात माणूस जीव वाचवतो, पावसाळ्यात राबतो. उघड्यावर सुखानं बसायचं ते थंडीत. सकाळी भिंतीला पाठ लावून ऊन खायचं. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडायच्या आणि टरफलांचा ढीग करायचा. हरभऱ्याचा कोवळा पाला शेतातच खुडायचा, त्यात हिरवी मिरची अन् मीठ चुरडायचं, भाकरीवर घ्यायचं. संक्रांतीच्या सुगडात बोरं, उसाची कांडी, गाजर. आणि या सगळ्यांच्या वर, हुरडा.

ज्यांनी तो खाल्लाय त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही, तरी सांगते. ज्वारीचा दाणा दुधातून निघून घट्ट व्हायला लागतो, पण अजून कडक झालेला नसतो, ते मोजके दिवस. शेतातच खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं. हात भाजतो, भाजू द्यायचा. फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हातात हिरवे, मऊ, वाफाळते दाणे. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही.

बाबांची एक रीत होती. आगटी शेतातल्या वाटेच्या कडेलाच करायची, आणि पहिली मूठ वाटेनं जाणाऱ्याची. कोणी का असेना. बाबा उभे राहून हाक द्यायचे, "या हुरडा खायलाऽऽ!" तो माणूस यायचा, उकिडवा बसायचा, मूठभर तोंडात टाकायचा, मग आम्ही. कधी बांगडीवाला, कधी मेंढरांमागचा धनगर. एकदा तर आमच्याशी बांधावरून भांडण असलेले शेजारी आले, गुपचूप बसले, खाल्लं, गेले. भांडण पुढं चालूच राहिलं, पण हुरड्यात ते नव्हतं.

ही हाक माझ्या घशात अडकून बसली आहे. इथं कोणाला मारायची? इथं माणूस माणसाकडं जायचं म्हणजे आधी ठरवतात. पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी साडेदहाला कॉफी. आणि कॉफीबरोबर एक बिस्कीट. वाईट नाहीत ती माणसं, अजिबात नाहीत. आरोही तापली तेव्हा रियानं तीन रात्री आमच्या सोफ्यावर काढल्या, न ठरवता. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसवून तिनं मला भाषा शिकवली, चमचा-वाटीपासून, कारण वर्गात जायचं नाव काढलं की मी स्वयंपाकाचं निमित्त काढायचे. या बाईचे उपकार मी कुठं फेडू? पण उपकार वेगळे आणि हाक वेगळी.

सणवार इथल्या लोकांनाही आहेत, आणि सगळे थंडीतले. नोव्हेंबरात पोरं कागदी कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणतात, आपण त्यांच्या हातावर गोळ्या-चॉकलेट ठेवायचं. डिसेंबरात पोरं बुटात गाजर ठेवून झोपतात, म्हाताऱ्या संताच्या घोड्यासाठी. सकाळी गाजर गेलेलं आणि खाऊ आलेला. वर्ष संपताना रिया अंगणात मोठी कढई ठेवून गोल भजी तळते, मैद्याची, आत बेदाणे, वर पिठीसाखर. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचे गुलगुले, फक्त गोरे झालेत. आणि त्याच दुपारी गावची बाप्ये मंडळी शेतात दुधाचे जुने कॅन आडवे मांडतात, आत कार्बाइडचे खडे आणि थोडं पाणी, झाकण बसवून पेटवतात. असा बार होतो की खिडक्या थरथरतात. पहिल्या वर्षी मी आरोहीला घेऊन न्हाणीघरात लपले होते. दादाला फोनवर सांगितलं तर तो हसतच सुटला. "आमी रानडुकरं हाकलायला करतो तेच की! आमच्या आवाजानं डुकरं पळत्यात अन् तुमच्या आवाजानं माणसं गोळा होत्यात का?"

एका उन्हाळ्यात मी ज्वारी पेरली. दादाकडून मूठभर मालदांडी आणली होती. रियाच्या परसात एक वाफा मोकळा होता. म्हटलं, इथले लोक मला वारं खायला लावतात, मी त्यांना हुरडा खायला लावते. ज्वारी उगवली. वाढली. वाढतच गेली. माझ्या डोक्यावर गेली, रियाच्या डोक्यावर गेली, कुंपणाबाहेरून लोक थांबून बघायला लागले. पण कणीस काही निसवेना, बाहेरच पडेना. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, नुसती पानं. यांनी कंपनीत कोणाला तरी विचारलं. आपली ही ज्वारी लांब रात्रीची वाट बघते म्हणे. इथला उन्हाळ्याचा दिवस रात्री दहाला मावळतो, तिला वाटत राहिलं अजून वेळ आहे. रात्री लांबायला लागल्या तेव्हा कुठं पोटऱ्यात आली, पानांच्या आत कणीस फुगायला लागलं, आणि एका पहाटेच्या गोठलेल्या दहिवरानं सगळी काळी पडली. मी वाफ्यापाशी उभी होते. रिया म्हणाली, "कुंपण म्हणून फार सुंदर होतं." तिला मला हसवायचं होतं. मला त्या काळ्या पानांना लाथ मारावीशी वाटली.

भारतात जायचं तर शाळेला सुट्टी नाताळात. आणि नाताळात आमच्याकडचा दाणा हमखास पाण्याचा असतो. दरवर्षी मी जाते, दादा कणसावर नख लावून दाखवतो, दाण्यातून नुसतं पाणी उडतं. दरवर्षी मी निघून आल्यावर फोन येतो, आली बघ हुरड्यात. हे असं किती वर्षं चालायचं?

रियाची गत माझ्यासारखीच, फक्त उलट्या बाजूनं. तिच्या मागच्या दाराशी एक निळी बादली असते, पाण्यानं भरलेली. थंडी सुरू झाली की रोज सकाळी ती दार उघडून बादलीत बोट घालते. पाणी असेल तर तोंड वाकडं. साय आली असेल तर बोटानं दाबून बघते, मोडते का धरते. दादा कणसाला नख लावतो ना, अगदी तसाच चेहरा करून. बादलीत तीन बोटं बर्फ म्हणजे कुरणातलं माणसाला पेलतं. तिचे बर्फावर घसरायचे बूट शेडमध्ये खिळ्याला टांगलेले, पात्यांना तेल लावलेलं, पण थंडी येते ती दोन दिवसांची, मग वारा फिरतो, पाऊस येतो, बदकं येतात. पूर्वी दर हिवाळ्यात बर्फ यायचा, ती सांगते. शाळा सुटी द्यायच्या. सगळं गाव कुरणावर. कडेला टपरी टाकून वाटाण्याचं सूप, असं घट्ट की चमचा उभा राहावा.

शेडमध्ये बुटांच्या शेजारी एक लाकडी खुर्ची आहे. रंग उडालेली, स्वयंपाकघरातली. इथं पोरं बर्फावर उभं राहायला शिकतात ती खुर्ची धरून. पाठ पकडायची आणि ढकलत जायचं. पडायला झालं तर खुर्ची सांभाळते. रिया चार वर्षांची असताना त्याच खुर्चीवर शिकली, तिचा मुलगाही त्याच खुर्चीवर.

"बर्फ आला की ही तुझी," ती मला दरवर्षी म्हणायची. "तू खुर्ची धर, मी शेजारून चालते. एकदा तू सोडून दिलीस ना, मग तू इथली."

मी हो म्हणायचे.  पडले, हात मोडला, तर? तरी हो म्हणायचे, कारण या देशात मला 'मग तू इथली' असं दुसऱ्या कोणी म्हटलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर रियानं सांगितलं की घर विकलं. उजवा खुबा दुखतो, जिना चढवत नाही. वसंत आला की मुलाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या घरात. म्हणजे बादलीचा हा शेवटचा हिवाळा. आणि त्याच वर्षी मी हट्ट करून जानेवारीचं तिकीट काढलं होतं, एकटीचं, आरोहीला पप्पांकडं ठेवून. एकदा तरी दाणा भरलेला बघायचा म्हणून. आता काय करू? रात्र रात्र झोप लागेना. शेवटी रियालाच विचारलं.

"जा," ती म्हणाली. "तीन वर्षं बर्फ आला नाही, आता काय यायचाय?"

"आला तर?"

"आला तर मी थांबवून ठेवीन," ती म्हणाली आणि बादलीला पायानं हळूच टोकरलं.

गेले. छत्रपती संभाजीनगरवरून एसटीनं वाटूर फाटा, तिथून दादाच्या मोटारसायकलवर. फाट्यावर हुरडा पार्टीच्या पाट्या लागलेल्या. गाद्या-तक्के, बैलगाडीतून चक्कर, फोटो काढायला रंगवलेलं दगडी जातं. दादा म्हणाला, "पुण्याचे लोक येऊन राह्यले. हुरडा मात्र दुसरीकडून आणत्यात, इथं ज्वारी कोण पेरतंय आता? सगळं सोयाबीन." त्याच्या स्वतःच्या शेतात दोन एकर, तीही कडब्यासाठी.

आणि वर आभाळ. भर जानेवारीत शिशासारखं, खाली लोंबणारं, हॉलंडचं असावं तसं आभाळ. मी चप्पल काढायच्या आधी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी सुटकेसमदी आभाळ घालून आणलं का?"

सगळे हसले. मी पण हसले. दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस आला तेव्हा हसू आलं नाही. दादा रोज सकाळी कणीस तोडून आणायचा, नख लावायचा.

"पाणचट हाय, रेखे. ऊन पडल्याबिगर न्हाई भरायचा."

"किती दिवस?"

"आठ दिस धर. थांब की!"

"कशी थांबू? तिकीट काढेल हाय."

"मंग जल्दी करायला मी का सूर्य हाय?"

मी रोज उठून आभाळ बघायचे. भाकरी करताना बघायचे, धुणं वाळत घालताना बघायचे. माय गेल्यापासून त्या घरात मला कोणी रागावत नाही, पण तेव्हा कोणीतरी रागवावं असं वाटत होतं. काय बाई हावरट, एवढ्या दुरून दाण्यासाठी आली. मला दाणाच पाहिजे होता असंही नाही. मला माझ्या हिवाळ्यात एकदा वेळेवर पोचायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दादा म्हणाला, विहिरीकडच्या चार ओळी जरा धरल्यासारख्या वाटतात, चल, करूच. वाटेच्या कडेला खड्डा केला. गोवऱ्या ओल्या, धूरच धूर. वहिनीनं चटणी, गूळ मांडलं. पहिली कणसं चोळली, दाणे ताटात पडले, अर्धे हिरवे, अर्धे नुसती सालं. आणि दादा उठून वाटेकडं तोंड करून उभा राहिला.

"ओ भाऊ! या हुरडा खायलाऽऽ!"

मोटारसायकल होती. कानात इअरफोन. गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. त्यानं हात वर केला, "आलो, आलो, माघारी येतानी!" आणि तोही गेला.

"आता कोण थांबतंय?" वहिनी म्हणाली. "खा तुमी. दाणे गार होऊन राह्यले."

"बाबाची रीत मोडू का?"

"रीत मोडू नका, मंग रस्त्यावर आडवे झोपा!"

दादा तसाच उभा. मी ताटाकडं बघत होते आणि मला हसावं की ओरडावं कळत नव्हतं. इतक्या वर्षांनी हाक ऐकली, तर हाकेला माणूस नाही. तेवढ्यात फोन वाजला. शेतात रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ. चोळलेले दाणे मुठीत तसेच धरून मी धावत गेले. व्हिडिओ कॉल, यांचा. पडद्यावर सगळं पांढरं.

"अगं, आला!" हे ओरडत होते. "काल पहाटेपासून! कुरण पेललं!"

मागं माणसांचा कल्लोळ, पात्यांचा खसखस आवाज. एक लाल जाकीट सर्रकन पुढून गेलं, "आई, बघ!" आरोही. मग त्यांनी फोन वळवला आणि रिया दिसली. लाल टोपी, नाक त्याहून लाल. आणि तिच्या हातात खुर्ची. दोन्ही हातांनी पाठ धरलेली, थोडी वाकलेली, उजवा पाय मागून ओढत, ती खुर्ची ढकलत येत होती. आजूबाजूनं चार-चार वर्षांची पोरं तशाच खुर्च्या ढकलत होती.

"रिया," मी म्हटलं, "खुर्ची?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खुर्चीच्या पायांकडं बघितलं. "तुझीच आहे. मी फक्त बघतेय, बराबर सरकते का."

तिनं काही 'बराबर' म्हटलं नव्हतं, पण मला तसं ऐकू आलं, कारण त्या शब्दात दादा बोलतो आणि तो तेव्हा माझ्या मागं येऊन उभा होता.

"सरकते?" मी विचारलं.

"छान सरकते. तुझं काय? ते धान्य?"

मी मूठ उघडून फोनपुढं धरली. सालं, पाणी, धूर. "फार छान," मी म्हटलं. "आत्ताच झालंय."

 ती आता खुर्चीशिवाय बर्फावर उभी राहू शकत नव्हती आणि माझा दाणा पाण्याचा होता, हे दोघींनाही कळलं होतं.

"कोण हाय?" दादानं विचारलं. "ती बर्फवाली मावशी का? दे इकडं." आणि माझ्या हातातून फोन घेऊन, मोटारसायकलवाल्यांना मारली होती तेवढ्याच जोरात, तो ओरडला, "या मावशी, हुरडा खायलाऽऽ!"

रिया दचकली. "काय म्हणतोय तो? रागावलाय?"

मी सांगितलं. पहिली मूठ वाटेनं जाणाऱ्याची, आणि आज कोणी थांबलं नाही.

"मग मी वाटेवरची?"

"हो."

"मग माझी वाट बघत थंड कशाला करताय? खा!" ती म्हणाली, आणि फोन कटला. पुन्हा लागला नाही.

मी दादाला सांगितलं, ती खा म्हणाली. दादानं मान डोलावली, आगटीपाशी जाऊन बसला आणि वहिनीला म्हणाला, "झालं. वाटसरू येऊन गेली. वाढ."

खाल्लं. पाणचट, धुरकट. धूर डोळ्यांत गेला होता असं सांगणं सोपं आहे. पण मला राग आला होता. तिकडं माझी खुर्ची बर्फावर, इकडं मी बांधावर. दोन्हीकडं माझ्या नावचं काहीतरी चाललेलं आणि मी कुठल्याच ठिकाणी नीट नाही. ती बाई त्या पायानं मला चालवायला बर्फावर उतरली होती, मी नव्हते, आणि जे माझ्या हाताला द्यायचं ते तिनं स्वतः धरलं होतं.

मी परत पोचले त्या दिवशी पाऊस पडत होता. कुरणात बदकं. आणि दोन दिवसांनी दादाचा फोन, "आज कडक ऊन हाय. काय दाणा भरलाय रेखे, मोत्यासारखा!" मी फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकमधली तीच ती पातेली घासत राहिले.

रिया मार्चमध्ये गेली. जायच्या आधी खुर्ची आमच्या शेडमध्ये आणून ठेवली, बादलीसकट. मी म्हणायला गेले, मी जायलाच नको होतं. तिनं हातानं थांबवलं. "बर्फाला तुझं तिकीट माहीत नव्हतं," म्हणाली.  पण मला बोलायचं होतं.

आता रोज सकाळी तिचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही. "बादलीत काय?" "पाणी." "हं." ठेवला. मधूनच दादाचा येतो. परवा त्यानं विचारलं, "ज्वारी गुडघ्याला लागली. यंदा आभाळ निवळ हाय. कवा येती?"

"यंदा न्हाई दादा. यंदा इथंच राहती."

"का गं?"

"बर्फाची वाट बघायची हाय."

दादा म्हणाला, "बघ बाई. पर गोठंल का ते?"

"काय म्हाईत."

गेल्या शनिवारी रिया ट्रेननं आली. पाणी भरलेलं कुरण बघायला. काठी आहे आता हातात. मी शेडमधून खुर्ची काढली, सायकलला बांधली आणि आम्ही कुरणाच्या बांधापर्यंत चालत गेलो. अर्थातच वारा होता. अर्थातच समोरून. रिया खुर्चीत बसली, मी बांधावर. कार्बाइडच्या खड्यासारखं राखाडी पाणी आणि त्यावर बदकं, निवांत.

माझ्याकडं डबा होता. गेल्या वर्षीचा तो मोत्यासारखा हुरडा वहिनीनं वाळवून यांच्या एका सोबत्याबरोबर पाठवला होता. मी तो रात्री भिजवून तव्यावर परतला होता. आगटीची चव तव्यात येत नाही, हे आधीच सांगते. चटणी होती, गूळ होता. मी डबा उघडला आणि रियाच्या पुढं केला. तिनं हात मागं घेतला.

"आधी वाटेवरचा," ती म्हणाली.

मी म्हटलं, रिया, इथं कोण येतंय? आणि तेवढ्यात बांधावरून एक माणूस आला, कुत्र्याला घेऊन. आमच्याच गल्लीतला, कोपऱ्यावरच्या घरातला. इतक्या वर्षांत आमचं एकमेकांना मान हलवण्यापलीकडं काही झालेलं नाही. छातीत नेहमीचं धस्स झालं. काय म्हणेल? आधी ठरवलेलं नाही. त्याच्या भाषेत कसं म्हणायचं ते जुळवत बसले असते तर तो निघून गेला असता.

"या हुरडा खायलाऽऽ!"

बदकं उडाली. कुत्रं भुंकलं. माणूस जागच्या जागी थांबला आणि त्यानं मागं वळून बघितलं की आणखी कोणाला हाक मारली का.

"मी आत्ताच जेवून निघालोय," तो म्हणाला, एवढंच सुचलं त्याला.

"मग?" रिया म्हणाली. तीच ती 'मग?', काठी जमिनीवर आपटून. "तू घेतल्याशिवाय आम्हाला खाता येत नाही. हातमोजा काढ."

त्यानं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, उगाच घड्याळ बघितलं. मग एक हातमोजा दातांनी ओढून काढला आणि हात पुढं केला. लालभडक, थंडीनं फुटलेला तळहात. मी पहिली मूठ त्यावर रिकामी केली. तो उभ्यानंच खायला लागला.

"बसून," मी म्हटलं.

आणि तो बांधावर उकिडवा बसला. मग रियानं हात पुढं केला. समोर पाणी हलत होतं, बर्फाचं नाव नव्हतं.